डावी बाजू

“तोंडावर सावली नको पडायला, बाई. स्थळाला पाठवायचा फोटो हाय,” होनराव अप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि मघाशी सांगितलेलंच पुन्हा सांगितलं.

“नाही पडणार. आमच्याकडे दोन मोठे दिवे आहेत,” मी म्हटलं.

“दिव्याचं न्हवं वो. तुमच्या ताईंचा हात जरा वेगळा हाय म्हणतेत लोकं.”

लोक खोटं म्हणत नव्हते. ताई म्हणजे माझी नणंद, द्वारका बार्शीकर. आज त्यांच्या नावापुढे ‘आद्य’, ‘युगप्रवर्तक’ असले शब्द लागतात. तेव्हा सोलापूरच्या नव्या पेठेत त्यांच्या नावापुढे ‘विक्षिप्त’ एवढाच शब्द लागायचा, आणि तो लावण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायची.

स्टुडिओ माझ्या सासऱ्यांचा. ते गेले, माझे यजमान गिरणीच्या ऑफिसात चिकटले आणि दुकान आम्हा नणंद-भावजयीच्या गळ्यात पडलं. वन्संनी कॅमेरा घेतला. मी गिऱ्हाईक, पावडर-कंगवा आणि रिटचिंग घेतलं. रिटचिंग म्हणजे निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून माणसाच्या तोंडावरचे खड्डे, डाग, सुरकुत्या घालवायच्या. त्या कामात मी पटाईत झाले होते. अर्ध्या सोलापूरला मी देवीचे व्रण बुजवून दिले असतील. वन्सं माझ्या खांद्यावरून वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, “वहिनी, तुम्ही माणूस पुसताय.” मी म्हणायची, “माणसानंच पुसायला सांगितलंय.”

त्यांना स्वतःला अख्खं काही काढायचंच नसायचं. वाळत घातलेल्या ओल्या चादरींच्या नुसत्या कडा. गिरणीच्या धुराड्याची रस्त्यावर आडवी पडलेली सावली. टांगेवाल्याची नुसती मान. भाकरी विकणाऱ्या म्हातारीचे नुसते डोळे. एकदा त्यांनी बैलाचा फोटो काढला तर त्यात बैलाचं शिंगच नव्हतं. “शिंग कुठंय?” म्हटलं, तर म्हणाल्या, “बाहेर आहे.” अशा बाईबरोबर संसार नाही, पण दुकान मी चालवत होते. लोकांना अख्खं पाहिजे असतं, पायातल्या चपलांसकट, हे त्यांना सांगून मी थकले होते.

तर होनराव अप्पा. मंगळवार पेठेतले भुसाराचे व्यापारी, स्वभावाने गरीब. त्यांची मुलगी गिरिजा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि लातूरहून एक चांगलं स्थळ आलं होतं. कापडाचं मोठं दुकान, मुलगा एकुलता एक. त्यांनी आधी फोटो मागवला होता.

मी गिरिजाला आत नेलं. तोंडावर पावडर लावली, पदर पिनेने बसवला, वेणी पुढे घेतली. ती माझ्या हाताखाली गप्प बसून होती. शेवटी म्हणाली, “एवढी पावडर?”

“उजळ यावं लागतं.”

“मी आहे की उजळ.”

“फोटोत दिसावं लागतं,” मी म्हटलं.

सासऱ्यांनी रंगवून घेतलेला तळ्याचा पडदा मागे, कागदी फुलांचा फ्लॉवरपॉट शेजारी, हात मांडीवर. वन्संनी निमूटपणे मोठ्या कॅमेऱ्याने फोटो काढला. त्या ‘हसा’ही म्हणाल्या नाहीत. मग एक दिवा फट्‌कन गेला, आणि दुसरा फोटो घेण्याआधी मी तो बदलायला स्टुलावर चढले. गिरिजा उठून खिडकीपाशी गेली. खिडकीला लाकडी झडपा होत्या, त्यातली एक उघडी. दुपारचं ऊन.

बाहेरून अप्पांचा आवाज आला, “हसायला सांगा वो तिला जरा.”

तिने त्या आवाजाकडे मान वळवली. तेवढ्यात माझ्या मागे छोट्या कॅमेऱ्याची टिक झाली.

“हा कशाला?” मी स्टुलावरूनच विचारलं.

“सहज,” वन्सं म्हणाल्या. आमच्या घरात ‘सहज’ या शब्दाने जेवढे घोटाळे केले तेवढे कुठल्याही शिवीने केले नसतील.

मोठ्या कॅमेऱ्यातला फोटो मी मन लावून केला. हनुवटीखाली एक बारीकशी खूण होती, ती घालवली. डोळ्यांत प्रकाशाचे ठिपके टाकले. अप्पा बेहद्द खूश झाले. फोटो लातूरला गेला, पसंती आली, मुलाकडचे येऊन मुलगी बघून गेले, वैशाखात साखरपुडा करायचं ठरलं. अप्पांनी दुकानात पेढे आणून दिले. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं.

छोट्या कॅमेऱ्यातला फोटो मी नंतर पाहिला, डार्करूमच्या लाल उजेडात, ताटलीतल्या रसायनात हळूहळू उमटताना. चेहऱ्याची उजवी बाजू उन्हात लख्ख, आणि डावी बाजू काळी. राखाडीबिखाडी नाही, काळी. कान नाही, गाल नाही, डोळा नाही. जो एक डोळा दिसत होता तो सरळ आपल्याकडे बघत होता, आणि ‘हस’ म्हणणाऱ्या माणसाकडे जसं बघावंसं वाटतं तसा बघत होता.

“अर्धं तोंडच नाही,” मी म्हटलं.

“आहे. तिथंच आहे. दिसत नाही एवढंच.”

मला तो फोटो आवडला. आवडला याचाच मला राग आला, कारण तो घेऊन करायचं काय हे मला कळेना. तो विकता येण्यासारखा नव्हता, शोकेसमध्ये लावण्यासारखा नव्हता, आणि डोळ्यापुढून जात नव्हता.

त्याच सुमारास मुंबईच्या दस्तुर नावाच्या गृहस्थांनी वन्संचं काम कुठेतरी पाहिलं आणि प्रदर्शन भरवायचं ठरवलं. वन्संच्या आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन. आम्ही दोघींनी हात सोलवटेपर्यंत प्रिंट काढले. दस्तुरांनी मधोमध लावायला गिरिजाचा फोटो निवडला. तिला विचारावं हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. फोटोग्राफर कुठे विचारतात? बरा आलेला फोटो शोकेसमध्ये लागायचाच, उलट आपला लावावा म्हणून लोक मागे लागायचे.

प्रदर्शन भरलं. मुंबईच्या एका साप्ताहिकाने बातमीबरोबर गिरिजाचा फोटो पानभर छापला. खाली ओळ होती, ‘सोलापूरच्या द्वारका बार्शीकर यांचे एक छायाचित्र’. मग दस्तुरांचा ट्रंककॉल आला. दिल्लीहून काही छायाचित्रं परदेशी प्रदर्शनाला जाणार होती, त्यांना हाच फोटो पाहिजे होता, पण भिंतीएवढा मोठा करून. त्यासाठी निगेटिव्ह दिल्लीला पाठवायची. वन्संनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, “वहिनी, चहा करता का?” एवढंच. पण रिसीव्हर त्यांनी उलटा ठेवला होता. मी चहात साखर जास्त घातली. मलाही खूप आनंद झाला होता, उगाच खोटं कशाला सांगू.

अप्पा आले ते साप्ताहिकाची सुरळी हातात घेऊन. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ओरडणाऱ्या गिऱ्हाइकाला कसं गप्प करायचं ते मला येतं. अप्पा ओरडले नाहीत. बाकावर बसले, सुरळी उलगडली आणि फोटोवरच्या काळ्या भागावर बोट ठेवलं.

“हितं काय हाय, ताई?”

“डावा गाल,” वन्सं म्हणाल्या.

“मग दिसंना का?”

“सावलीत आहे.”

“लातूरवाले म्हणतेत, काय तर लपवलंय. पैला फोटो बी तुमच्याच दुकानातला. त्यात पावडर लावून झाकलं आणि ह्यात काळं करून झाकलं म्हणतेत. कोड हाय का भाजलंय, सांगा म्हणतेत.”

मी कपाळावर हात मारून घेतला. वन्संना अजून कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, “त्यांनी मुलगी प्रत्यक्ष बघितली होती ना?”

“बगितली की. दिव्याच्या उजेडात, पदर डोक्यावरनं हितवर.” अप्पांनी हात गालापर्यंत आणून दाखवला. “परवा मुलाची आई आन्‌ मावशी परत आल्या. पोरीला परसात उन्हात नेलं. हनुवटी धरून हिकडं तिकडं फिरवलं. कानामागं बगितलं. केस सोडायला लावलं, मान बगायला. बाजारात बैल बगतेत तसं. आन्‌ मी दारात हुबा.”

“आणि काय सापडलं?” मी विचारलं.

“काय सापडणार वो? काय न्हाईच तर.”

“मग झालं की.”

“न्हाई की झालं. काय न्हाई तर फोटोत झाकलं कशाला, म्हणतेत. बिनकामाचं कोण झाकतंय?” अप्पांनी वन्संकडे बघितलं. “त्याला मी काय सांगू, ताई? तुमीच सांगा, मी तसं लातूरला जाऊन सांगतो.”

वन्संनी सांगितलं. मी त्यांना इतकं समजावून बोलताना कधी ऐकलं नव्हतं. उजेड सगळीकडे सारखा पडला की चेहरा सपाट होतो, सावलीमुळेच त्याला खोली येते, जे दिसत नाही त्यामुळे जे दिसतं ते जास्त दिसतं. “अप्पा, छायाचित्र म्हणतो ना आपण? शब्दातच छाया आहे.”

अप्पांनी सगळं मान हलवत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “दुकानाच्या पाटीवर छाया लिवलंय म्हणून पोरीच्या तोंडावर टाकायची व्हय?”

मला हसू आलं आणि ते मी गिळलं.

“तुमचं बरोबर असंल, ताई. मी भुसारातला माणूस, मला त्यातलं कळत न्हाई. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्यात. डाव्या अंगाचा एक साफ फोटो द्या, मोठा, म्हणजे घरातल्या थोरल्यांना दाखवता येईल. आन्‌ हे चित्र मुंबईतनं काढा. सून होणाऱ्या पोरीचं असलं चित्र भिंतीवर लागलेलं चालायचं न्हाई म्हणतेत.” त्यांनी टोपीची घडी घातली, उलगडली. “पोरगी जेवत न्हाई वो. त्या बायका गेल्यापासनं ताटावर बसती आन्‌ उठती.”

वन्सं उठून आत गेल्या. मला वाटलं, पाणी आणायला गेल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा एका हातात निगेटिव्ह होती आणि दुसऱ्या हातात पासपोर्टचे फोटो कापायची माझी कात्री.

“वन्सं, थांबा,” मी म्हटलं. “दिल्लीला जायची आहे ती. फोटो मुंबईतून काढू, अप्पांना पाहिजे तसा दुसरा देऊ. निगेटिव्ह कपाटात पडून राहिली तर कोणाचं काय जातंय?”

“कपाटात राहिली तर मी ती कधीतरी काढीन,” त्या म्हणाल्या. “मला मी माहीत आहे.”

आणि कापली. आधी उभी, मग आडवी. अप्पांच्या हातात तुकडे ठेवले. त्या माणसाला त्या तुकड्यांचं काय करायचं ते कळेना. त्यांनी ते टोपीत ठेवले आणि टोपी तशीच हातात धरून घरी गेले. दुपारी वन्संनी मुंबईला तार केली, चित्र उतरवा, परत पाठवा.

मी त्या दिवशी त्यांना वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुम्हाला कोणी मागितली होती का निगेटिव्ह? अप्पांनी तरी मागितली होती का? सगळं आयुष्य लोकांचं न ऐकण्यात घालवलंत, आणि ऐकलंत ते नेमकं आज? त्या नुसत्या “ती जेवत नाहीये, वहिनी,” एवढंच म्हणत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा गिरिजाला घेऊन आले. मी घरातल्या पांढऱ्या चादरी आणून दोन्ही बाजूंना टांगल्या होत्या, म्हणजे कुठून सावली म्हणून यायला नको. दिवे सगळे लावले. गिरिजा त्या उजेडात येऊन बसली आणि डोळे बारीक करून म्हणाली, “आज एवढे दिवे कशाला?”

“डाव्या बाजूचा काढायचाय. मान उजवीकडे वळव,” मी म्हटलं. पावडर लावायला गेले तर तिने माझा हात धरला. “पावडर नको. पावडर लावली तर परत म्हणतील झाकलं.” मला ते पटलं. मी डबी बंद केली.

वन्संनी फोटो काढला. इतका साफ, इतका लख्ख आणि इतका निर्जीव फोटो त्यांनी जन्मात काढला नसेल. कानाची पाळी, मानेवरचे केस, सगळं मोजून घ्यावं असं. तो काढताना त्यांनी जेवढी काळजी घेतली तेवढी मुंबईच्या प्रिंटलाही घेतली नव्हती. मी तो लगेच धुतला आणि ओलाच बाहेर आणला, कारण अप्पा बसून राहिले होते.

अप्पांनी तो उजेडात धरला. “हे बगा. काय तर हाय का? साफ हाय का न्हाई?” ते मलाच विचारत होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

“साफ आहे,” मी म्हटलं.

“आणि तो दुसरा?” गिरिजाने विचारलं.

“त्यो कापला,” अप्पा म्हणाले. “ताईंनीच कापला, माज्यासमोर. तुकडं घरी आणल्यात मी. आता काळजी न्हाई.”

गिरिजा वन्संकडे बघत राहिली. “का कापलात?”

“तुझ्यासाठी,” वन्सं म्हणाल्या. “तू जेवत नव्हतीस.”

“मी फोटोमुळं जेवत नव्हते असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

ती अप्पांकडे वळली. तिचा आवाज चढला नाही, पण दम लागल्यासारखी ती थांबत थांबत बोलत होती. “त्या बायकांनी माझे केस सोडले. कानामागं बोट घातलं. आणि अप्पा दारात उभे होते. नंतरसुद्धा अप्पा म्हणाले, होऊन जाऊ दे, चांगलं स्थळ आहे. म्हणून मी जेवत नव्हते.”

“गिरिजा,” अप्पा म्हणाले.

“तो फोटो मला आवडला होता. मी पान कापून ठेवलंय पुस्तकात. त्या एका फोटोत मी कोणाला पसंत पडायला बसलेली नाही.” मग ती वन्संना म्हणाली, “ताई, तुम्ही तो काढताना मला विचारलं नाही. मुंबईला पाठवताना विचारलं नाही. निदान कापताना तरी विचारायचं. तोंड माझं होतं.”

वन्सं दस्तुरांशी तासन्‌ तास भांडू शकत. नव्या पेठेतल्या एकाही माणसापुढे त्यांनी कधी मान खाली घातली नव्हती. त्या आता दिव्याची वायर गुंडाळायला लागल्या. दिवा चालू होता तरी वायर गुंडाळत होत्या. मी जाऊन बटण बंद केलं.

अप्पांनी ओला फोटो जपून माझ्या हातात दिला. “हे वाळवून ठेवा बाई. उद्या लातूरला टपालात टाकतो.”

“टाका,” गिरिजा म्हणाली. “पाठवला आणि ते हो म्हणाले तर मी जाणार नाही. नाही पाठवला तर ते येणार नाहीत. तिकीट कशाला वाया घालवताय, अप्पा?”

अप्पा बाकावर बसले. ते रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते थकलेले दिसले. म्हणाले, “ताई, तुमी सांगा की हिला.”

“मी आजवर हिला काही विचारलं नाही,” वन्सं म्हणाल्या. “आता सांगू कशाच्या जोरावर?”

तो साफ फोटो आमच्याकडेच राहिला. न्यायला कोणी आलं नाही. स्थळ मोडलं. गिरिजा परत कॉलेजात जायला लागली, आणि अप्पा रस्त्यात भेटले की नमस्कार करून दुसऱ्या बाजूने जायचे. दस्तुरांनी चिडून फोन केला, दिल्लीवाल्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी फोटो घेतला. माझी चडफड व्हायची. मुलीचं लग्न वाचवायला म्हणून निगेटिव्ह कापली आणि लग्नही वाचलं नाही. ना त्यांचा फायदा ना आमचा. भांडायचं म्हटलं तर कोणाशी भांडावं तेही कळेना.

मग मुंबईहून प्रिंट परत आला, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधून. मी तो सोडला आणि मला एकदम सुचलं. “वन्सं, ह्या प्रिंटचाच फोटो काढू. नवी निगेटिव्ह होईल. थोडा फरक पडेल, पण दिल्लीचं नाही तर पुढचं कुठलं तरी जमेल.”

त्यांनाही ते आधीच सुचलं असणार. त्या प्रिंटकडे बघत होत्या, उपाशी माणूस पोळीकडे बघतो तसं. “तिला विचारून,” त्या म्हणाल्या.

निरोप पाठवल्यावर गिरिजा कॉलेजातून सरळ आली, हातात पुस्तकं तशीच. वन्संनी तिला खुर्ची दिली, प्रिंट तिच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः उभ्या राहिल्या. मला वाटतं, त्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला काही विचारलं असेल. शब्दसुद्धा नीट जुळत नव्हते. “हा आता एकच राहिलाय. मी... माझ्याकडे ठेवू का? ह्याच्यावरून नवीन करता येईल. लोकांना दाखवता येईल. तुझी हरकत नसेल तर.”

गिरिजा कितीतरी वेळ फोटो बघत बसली. काळ्या भागावरून तिने बोट फिरवलं.

“मी नाही म्हटलं तर?”

“तर तू घेऊन जा.”

“मग नाही,” गिरिजा म्हणाली.

माझा तोल सुटला. “अगं, तुला आवडला होता ना? पुस्तकात ठेवला होतास ना? आवडला म्हणतेस आणि नाही कसं म्हणतेस?”

“आवडला म्हणूनच, काकू,” ती म्हणाली. “हा माझ्याकडे राहू दे.”

वन्संनी प्रिंट परत पुठ्ठ्यात घातला, दोरा बांधला, गाठ नीट बसली का बघितलं आणि तिला दिला. ती पुस्तकांबरोबर छातीशी धरून घेऊन गेली. पुढे ती शिक्षिका झाली, बार्शीला मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. लग्न तिने बऱ्याच उशिरा, स्वतःच्या मनाने केलं.

प्रिंट गेला त्या दिवशी मी भांडी इतकी आदळली की यजमान विचारायला आत आले. जेवताना मी वन्संना म्हटलं, “कशाला विचारलंत? गुपचूप कॉपी करून मग दिला असता.”

“विचारलं की नाही म्हणता यायला पाहिजे, वहिनी. नाहीतर ते विचारणं कसलं?”

मी त्यांना भात वाढला.

तेव्हापासून त्यांना विचारायची सवयच लागली. छोटा कॅमेरा घेऊन बाहेर पडायच्या आणि आधी विचारायच्या. मागावर बसलेल्या विणकराला विचारलं, असाच काढू का? तो म्हणाला, असा नको, थांबा ताई, शर्ट घालून येतो. आला तो केस विंचरून, हात सरळ खाली सोडून, मागापासून लांब उभा राहिला. भाकरी विकणाऱ्या म्हातारीने सांगितलं, मला नको, नातवाचा काढा, अन्‌ गोरा यीऊ द्या. टांगेवाला म्हणाला, मानेचा कशाला, तोंड काय वाईट आहे का माझं? सगळ्यांना समोरून पाहिजे होतं, अख्खं पाहिजे होतं, उजेडात पाहिजे होतं. वन्सं त्यांना पाहिजे तसा काढून द्यायच्या, प्रिंट पोचवायच्या आणि स्वतःजवळ काही ठेवायच्या नाहीत. स्वतःसाठी काढायच्या त्या भिंती, जिने, रिकामे माग, दोऱ्यांवरच्या चादरी. चौकटीत कोणी आलं तर कॅमेरा खाली घेऊन ते जाईपर्यंत थांबायच्या. मी एकदा त्यांच्याबरोबर गिरणीच्या भिंतीपुढे उन्हात ताटकळले होते. समोर दोन बायका गप्पा मारत उभ्या होत्या आणि हलायचं नाव घेत नव्हत्या. मी म्हटलं, घ्या की त्यांच्यासकट, काय सुंदर दिसतायत. “हो ना,” वन्सं म्हणाल्या, आणि कॅमेरा खालीच राहिला.

मागच्या महिन्यात पुण्याहून एक मुलगी आली होती. वन्संवर जाडजूड पुस्तक करतेय. बोलण्यात हुशार, वागायला गोड. तिच्याकडे साप्ताहिकातल्या त्या पानाचा फोटो होता. मूळ प्रत कुठे मिळेल, विचारत होती. म्हटलं, जिची आहे तिच्याकडे. मग तिने तिचं टिपण वाचून दाखवलं. वन्संच्या कामाचे दोन भाग पडतात म्हणे, आणि दुसऱ्याला जाणकार मंडळी ‘निर्मनुष्य पर्व’ म्हणतात. गिरण्यांचा ऱ्हास, शहरातलं एकटेपण, अमूर्ताकडे झालेला प्रवास, युरोपातल्या कोणाकोणाचा प्रभाव. बरंच काही होतं. मी ऐकून घेतलं.

“पण आजी, नेमकं काय झालं असेल?” तिने विचारलं. “एवढे जिवंत चेहरे काढणाऱ्या बाईंच्या फोटोतून माणसं एकाएकी नाहीशी का झाली?”

“त्या माणसांना विचारायला लागल्या,” मी म्हटलं. “माणसं नाही म्हणाली.”

तिने पेन उचललं. “म्हणजे एका प्रतीकात्मक पातळीवर?”

“नाही गं,” मी म्हटलं. “तोंडानं.”